हिरव्या जाकिटातला तोकुजी

तोकुजी कुरामोचीला पोलिसांनी मासळी बाजारातून धरून नेलं आणि त्या वेळी त्याच्या काखेत चोरलेला ट्यूना होता, ही बातमी आमच्या गल्लीत सकाळी साडेनऊला पोचली. दहापर्यंत एका ट्यूनाचे दोन झाले. अकराला न्हाव्याच्या दुकानात कोणीतरी शपथेवर सांगितलं, की बेड्या घातल्या तेव्हा तोकुजी ढसाढसा रडत होता.

आता खरं काय ते सांगायलाच हवं. एक तर ट्यूना काखेत मावत नाही. ज्या माशाची ही गोष्ट आहे तो एकशे ऐंशी किलोचा होता, आणि तोकुजी ओला करून तोलला तरी बावन्न किलोच्या वर जात नाही. दुसरं, पोलीस नव्हते. शिओबारा नावाची एक रखवालदार बाई होती, आणि तिनं त्याला दंडाला धरून बाहेर आणलं तेसुद्धा "जपून हं आजोबा, पायरी आहे" असं म्हणत. तिसरं, तो रडत नव्हता, शिव्या देत होता. कोणाला द्यायच्या ते मात्र त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

तोकुजी त्या सकाळी बाजारात पर्यटक म्हणून गेला होता, एवढंच. गंमत बघा, चोरीच्या बातमीवर गल्लीनं डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि ही खरी बातमी सांगितली तर लोक म्हणाले, "काहीतरीच काय! तोकुजी आणि पर्यटक?"

त्यांचंही चूक नव्हतं. तोकुजीनं बेचाळीस वर्षं बाजारात ट्यूनाची दलाली केली. दुकानाचं नाव मारुहिसा. पहाटे लिलावात मासा घ्यायचा, दुकानात आणून कापायचा, हॉटेलवाल्यांना विकायचा. या बेचाळीस वर्षांत त्याचं वैर फक्त दोघांशी झालं: एक स्वतःच्या गुडघ्याशी आणि दुसरं पर्यटकांशी. जुन्या बाजारात पर्यटक कुठेही घुसत. गाड्यांच्या वाटेत उभे राहत, दलाल माशाच्या शेपटीत टॉर्च मारून मांसाचा रंग बघत असला की नेमका त्याच क्षणी कॅमेऱ्याचा लखलखाट करत, आणि मग "सॉरी सॉरी" म्हणत दुसऱ्या माशाकडे जात. एकदा एका बाईनं गोठलेल्या ट्यूनाच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला, तेव्हा तोकुजीनं पाटी लिहून टांगली: 'हा मासा आहे, तुमची आजी नव्हे.' पाटी जपानीत होती. त्यामुळे ती एकाही पर्यटकाला कळली नाही, आणि पुष्कळांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो मात्र काढून घेतले.

आणखी एकदा एक लालबुंद गृहस्थ ऐन लिलावात लांबच्या बायकोला हात हलवायला लागला. लिलाव बोटांच्या खुणांवर चालतो. तिथं हात हलवणं म्हणजे काही गंमत नव्हे. तोकुजी त्याच दिवशी बाजार समितीत गेला, टेबलावर मूठ आपटली आणि 'पाहुण्यांनी हात वर करू नये' असा नियम करूनच बाहेर आला. हा नियम लक्षात ठेवा.

पुढे बाजार नव्या इमारतीत गेला, पर्यटकांना काचेमागे ठेवलं, आणि तोकुजीला वाटलं, चला, एक वैरी तर संपला. दुसऱ्यानं मात्र गाठलंच. गेल्या हिवाळ्यात गुडघा इतका वाकडा झाला की त्यानं दुकान मुलीच्या हाती दिलं आणि बिल्ल्याची टोपी समितीला परत केली. ती टोपी डोक्यावर नसली तर लिलावाच्या जागेवर पाऊल ठेवता येत नाही, मग तुम्ही बाजारात बेचाळीस वर्षांचे असा की बेचाळीस दिवसांचे.

मुलीचं नाव चिनात्सु. वय अडतीस, बापासारखीच बुटकी, बापासारख्याच जाड भुवया, आणि जीभ आईची. बारा वर्षं बापाच्या हाताखाली मासा कापत होती, पण बोली कधी लावली नव्हती. ते काम बापाचं. बाजारात तिला कोणी नावानं हाक मारत नसे. ती 'तोकु-सानची मुलगी', म्हणजे तोकुरावांची लेक. आता तिच्या पहिल्या लिलावाचा दिवस ठरला, आणि आदल्या रविवारी जेवताना तिनं भाताचा वाडगा खाली ठेवला.

"बाबा, एक सांगायचंय. त्या दिवशी तुम्ही यायचं नाही."

"मी कशाला येतोय? टोपी कुठाय माझ्याकडे?"

"टोपी नसली तरी तुम्ही दारातून डोकावाल. तुम्हाला मी ओळखत नाही का? तुम्ही माझ्यामागे उभे राहिलात, की लोक माझा हात बघणार नाहीत, तुमचं तोंड बघतील. मग मी आयुष्यभर तोकु-सानची मुलगीच."

"बरं."

"नुसतं बरं नको."

"बरं बाई, बरं! लिहून देऊ का?"

योशिनो, म्हणजे तोकुजीची बायको, लोणच्याची बशी पुढे सरकवत म्हणाली, "लिहूनच घे ग. यांचं 'बरं' म्हणजे पावसाळ्यातली छत्री, कुठे विसरतील नेम नाही."

विसरला नाही तो. पण मुलगी मासा ओळखू शकेल की नाही, ही एकच गोष्ट त्याला झोपू देईना. पहिल्याच दिवशी तिनं भलता मासा उचलला तर बाजार वर्षभर हसेल. आणि चांगला मासा डोळ्यांदेखत सोडला, तर त्याहून जास्त हसेल. हे आपण बघायचं नाही, तर कोणी बघायचं? शेवटी त्यानं वचनातून वाट काढली. दारात उभं राहायचं नाही ना? नाही राहणार. काचेमागे राहीन.

काचेमागच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकतात, अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा असतो. तोकुजीनं न्हाव्याच्या बायकोला मध्ये घातलं आणि कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. न्हाव्याच्या बायकोला शपथ घालणारा माणूस किती अडला असेल, विचार करा. 'भेटीचा हेतू' या रकान्यात काय लिहू, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काहीही खरड." तिनं लिहिलं: 'जपानच्या मत्स्यसंस्कृतीचा परिचय करून घेणे.' आणि चिठ्ठी लागली! लोक ब्राझीलहून अर्ज करतात आणि त्यांना लागत नाही.

तर त्या पहाटे तोकुजी तोंडाला सर्दीत लावतात तसा मास्क, डोक्यावर विणलेली टोपी अशा वेशात पाहुण्यांच्या खोलीत जाऊन बसला. पंचवीस परदेशी आणि हा. खोलीत बाकं नव्हती, गालिच्यावरच बसायचं; गुडघा ठणकायला लागला. शिओबारा बाईनं प्रत्येकाला एकेक हिरवं जाकीट दिलं. तोकुजीला दिलं ते गुडघ्यापर्यंत आलं.

"आजोबा, पहिल्यांदाच येताय का बाजारात?" तिनं लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं.

तोकुजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओळख द्यायची नव्हती. "पहिल्यांदाच," तो दात आवळून म्हणाला.

"अरे वा! मग नीट ऐका हं." तिनं चित्रांची पाटी वर धरली. कॅमेऱ्याच्या लखलखाटावर लाल फुली, माशाला हात लावण्यावर फुली, उंच टाचांवर फुली, वर केलेल्या हातावर फुली. ते शेवटचं चित्र बघून तोकुजी मनात हसला. आपलीच करणी. आणि एवढं साधं कोण विसरेल?

लिलावाच्या सज्जात पोचल्यावर पहिला संताप काचेचा. खालची जागा थंड ठेवलेली, वर सव्वीस जणांचा श्वास, त्यामुळे काच सारखी धुरकटत होती आणि सगळे बाह्यांनी पुसत होते. दुसरा संताप एका नॉर्वेच्या बाईचा. ती त्याच्या पुढ्यात देवळाच्या खांबासारखी उभी. तोकुजीनं डावीकडून मान काढली, उजवीकडून काढली, शेवटी तिच्या काखेखालून घुसला. बेचाळीस वर्षं ज्या ढकलाढकलीला त्यानं रानटी म्हटलं, ती त्यानं अर्ध्या मिनिटात केली.

बाई चिडली नाही. उलट बाजूला सरकली, आणि तिला थोडंफार जपानी येत होतं. "यातला चांगला मासा कोणता?"

सांगायचं नव्हतं. पण चांगला मासा कोणता असं विचारल्यावर तोकुजीला गप्प बसणं म्हणजे कोंबड्याला उजाडल्यावर गप्प बसणं. "सात नंबर," तो पुटपुटला. "पोट बघा, कसं भरलंय. पाठीची ठेवण बघा. कातडी बघा, जशी तेल लावून ठेवलीय."

"शेपटीला हात न लावता कळतं?"

"बेचाळीस..." तो थांबला. "कळतं."

"माझे वडील कॉड धरायचे," बाई म्हणाली. "हात लावल्याशिवाय माशाबद्दल एक शब्द बोलत नसत."

"कॉड वेगळा आणि ट्यूना वेगळा," तोकुजी खेकसला.

खाली हिरव्या फरशीवर मासे ओळीनं पडले होते, शेपट्या छाटलेल्या. दलाल आकड्या आणि टॉर्च घेऊन फिरत होते. त्यांच्यात चिनात्सु दिसली. बिल्ल्याची टोपी तिला जरा मोठी होत होती. ती सात नंबरपाशी बसली, टॉर्च मारला, शेपटीच्या मांसाची कणी काढली, अंगठा आणि बोटात चोळली, वास घेतला. मग बोट अंगातल्या एप्रनला पुसलं आणि उठून सरळ पुढे गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"अगं!" तोकुजी काचेवर पुटपुटला. काच धुरकटली. त्यानं बाहीनं पुसली. "अगं, परत बघ! परत बघ ना!"

ती आठ नंबरपाशी. दिसायला काही नाही, सुकलेला, हाडकुळा मासा. तिथं मात्र ती दोनदा चोळत बसली.  बारा वर्षं शिकवलं ते हेच का? डोळ्यांपुढे एवढा मासा पडलाय आणि ही बया त्या काडीकडे बघतेय!

घंटा वाजली. लिलाव पुकारणारा हागिवारा पेटीवर चढला आणि त्याची अंगात आल्यासारखी, गाण्याच्या चालीतली पुकार सुरू झाली. समोर दलालांची रांग, रांगेच्या मागे वरती काच. तोकुजी कुठे उभा होता म्हणाल? बरोब्बर चिनात्सुच्या डोक्यामागे. मुद्दाम नाही, बाईच्या काखेखालून निघाला तो नेमका तिथं निघाला.

सात नंबर आला. बोटं उठली, पडली. चिनात्सुचे दोन्ही हात एप्रनच्या खिशात. यामाशिची नावाच्या दुकानाचा मालक वाकुइ, तोकुजीचा जुना स्पर्धक, आरामात बोली वाढवत होता. अजून कोणी नाही. मासा वाकुइच्या घशात चालला. चिनात्सुचे हात खिशातच. हागिवारानं श्वास घेतला...

आणि वरती काचेमागून एक हात वर गेला. तीन बोटं, मग पाच.

तोकुजी पुढे कित्येकदा सांगत होता की त्यानं हात वर केला नाही, हात आपणहून गेला. मला हे पटतं. बेचाळीस वर्षं जो हात रोज पहाटे वर जातो, त्याचा धनी धंदा सोडल्याचं समितीला कळवतो, हाताला कळवत नाही. आणि हागिवाराचंही तेच. तो माणसं बघत नाही, बोटं बघतो. ती वाकडी करंगळी, जिच्यावर कधीकाळी गोठलेला ट्यूना पडला होता, त्यानं तीस वर्षं बघितलेली. बघताक्षणी त्याच्या तोंडून निघून गेलं, "मारुहिसा! सात नंबर, मारुहिसा!"

सगळा लिलाव थांबला. रांगेतली झाडून सगळी डोकी मागे वळली आणि वर पाहायला लागली. तिथं हिरव्या जाकिटात, विणलेली टोपी कपाळावर, हात अजून हवेत, असा तोकुजी. शेजारी नॉर्वेची बाई टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, कार्यक्रमातच आहे.

चिनात्सुनंही पाहिलं. पुरता एक श्वास पाहिलं. मग तिनं तोंड फिरवलं.

"हागिवारा-सान, ती बोली आमची नाही," तिचा आवाज सगळ्या शेडमध्ये घुमला. "मारुहिसाचा हात हा." तिनं खिशातून हात काढून दाखवला.

"मग ते..." हागिवारा घुटमळला.

"हिरवं जाकीट दिसत नाही का? पाहुणे आहेत. पाहुण्यांना बोली लावता येत नाही, तसा नियमच आहे."

रांगेत हशा पिकला. हागिवारानं पुन्हा घंटा वाजवली. आणि आता वाकुइची अक्कल बघा. त्यानं विचार केला, म्हातारा तोकुजी वेष पालटून, काचेमागून बोली लावतोय, म्हणजे मासा सोन्याचा असणार! त्यानं एका दमात बोली इतकी चढवली की शेजारचे दोघे मागे सरले. सात नंबर वाकुइचा झाला. आठ नंबरला चिनात्सुनं दोन बोटं दाखवली, फारसं कोणी आडवं आलं नाही, तो तिचा झाला.

शिओबारा बाई आली. "आजोबा, पाटी दाखवली होती ना?"

"ती पाटी मीच लावायला लावली होती!"

"हो का? मग तर तुम्हाला पाठच असेल," ती म्हणाली, आणि दंडाला धरून त्याला जिना उतरवू लागली. काखेतल्या ट्यूनाच्या बातमीचा जन्म या जिन्यावर झाला.

बाहेर बाकावर बसून तोकुजीनं योशिनोनं दिलेला भाताचा गोळा काढला आणि तसाच परत गुंडाळला. पोरीनं चारचौघांत 'बाबा' म्हटलं नाही, 'पाहुणे' म्हटलं. आणि ते खोटं नव्हतं, हेच जास्त झोंबत होतं. जाकीट परत द्यायचंसुद्धा राहून गेलं होतं. तेवढ्यात नॉर्वेची बाई नवऱ्याला घेऊन आली आणि फोटोसाठी त्याच्या दोन्ही बाजूंना बसली. ज्याच्या कॅमेऱ्याबद्दलच्या शिव्या जुन्या बाजारात प्रसिद्ध होत्या, तो तोकुजी मुकाट्यानं फोटोत बसला. तिच्या घरी, त्या दूरच्या देशात, भिंतीवर लावलेल्या फोटोत आजही तो दाढ दुखत असल्यासारखा दिसत असेल.

दुपारी चिनात्सु घरी आली. रबरी बूट दारात काढले, एक वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी बापासमोर ठेवली आणि बसली.

"मी काय सांगितलं होतं? माझ्यामागे उभं राहायचं नाही."

"मी काचेमागे होतो."

"आणि काच कुठे होती?"

 योशिनोनं चहा आणला आणि शहाण्यासारखी आत गेली, म्हणजे दाराआडच थांबली.

"खा," चिनात्सु म्हणाली.

पुडीत मांसाचा बोटभर तुकडा. लाल नव्हे, उकडल्यासारखा फिकट. तोकुजीनं तो जिभेवर ठेवला. आंबट. कोरडा, ओल्या पुठ्ठ्यासारखा. त्यानं तो वर्तमानपत्रातच परत काढला. गळाला लागल्यावर ट्यूना फार झुंजला की अंगाच्या उष्णतेनं आतल्या आत भाजतो; बाहेरून राजबिंडा, आतून वाया. हे त्यानंच तिला बारा वर्षांपूर्वी शिकवलं होतं.

"सात नंबर?"

"सात नंबर. वाकुइ-सानकडून मागून आणलाय. तुमच्यासाठी म्हटल्यावर त्यांनी काय म्हटलं ते मी सांगणार नाही, आई ऐकतेय."

"तुला कळलं कसं?"

"चोळल्यावर तेल सुटलं नाही, पीठ सुटलं. तुम्हाला नसतं कळलं? बोट लावलं असतंत तर कळलं असतं."

तोकुजीनं चहा दोनदा फुंकला, थंड झाला होता तरी.

"आणि आठ नंबर?" त्यानं विचारलं.

"सकाळीच संपला. हागिवारा-सान दुकानावर आले होते. 'मारुहिसा-सान, आज चुकलं आमचं' म्हणाले." ती उठली. दारात बूट चढवताना म्हणाली, "मला म्हणाले. मारुहिसा-सान. मला."

दार लागलं. तोकुजी त्या फिकट तुकड्याकडे बघत राहिला. मग योशिनोला म्हणाला, "ते हिरवं जाकीट धुऊन ठेव. परत द्यायला हवं."

"कधी देणार?"

"बघू."

त्या दिवसापासून वाकुइ रस्त्यात तोकुजी दिसला की पलीकडच्या फुटपाथवर जातो, आणि बाजारात चिनात्सुला कोणी तोकु-सानची मुलगी म्हणत नाही. उलट परवा कोणीतरी तोकुजीकडे बोट दाखवून म्हणालं, "तो ना? तो मारुहिसाचा बाप." हे त्याला कळलंय. 

लिलावाच्या त्याच दिवशी संध्याकाळी गल्लीच्या सार्वजनिक न्हाणीघरात सगळी टोळी गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसली होती. न्हाव्यानं, बायकोनं सगळं सांगितलेलं असल्यामुळे, अगदी निरागस चेहऱ्यानं विचारलं, "काय तोकु-सान, कसा वाटला मासळी बाजार? पाहुण्यांना आवडतो म्हणतात."

तोकुजीनं डोक्यावरचा पंचा पिळला, पुन्हा घडी घालून डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "अरे, काय दिसतंय तिथून डोंबल! माणसं एवढ्या लांबून येतात, पहाटे उठतात, आणि त्यांना असं धुरकट काचेमागे उभं करतात. बाजाराला लाज वाटली पाहिजे."